चिकटवलेला वाघ

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता बदलापुरातील एका शाळेत मुलांच्या हस्तकलेचे प्रदर्शन भरले होते. त्यातील कोलाजचित्रांचे परीक्षण करण्यासाठी तिघांना पाचारण झाले, व त्या तिघांत आम्ही एक होतो. विषय मोठा उमदा होता : ‘वन्य प्राण्यांचे वर्तन’. नुसते ‘वन्य प्राणी’ असे न म्हणता ‘प्राण्यांचे वर्तन’ असे म्हणणारा जो कोणी शिक्षक त्या शाळेत असेल, त्यास आम्ही मनातल्या मनात नमस्कार केला आणि उत्कंठेने दालनात शिरलो. त्या शाळेच्या गच्चीवरून एका अंगास मलंगगड-चंदेरीची रांग दिसते. दुसऱ्या अंगास बारवीच्या धरणाभोवतालचे रान फारसे दूर नाही. खाली उल्हास नदी वाहते. अशा ठिकाणची मुले रानातल्या जीवांविषयी काय सांगतात, हे ऐकण्याची आम्हांस खरोखरच ओढ होती.

भिंतीवर वाघ होते. वाघाशेजारी वाघ होते, आणि ते संपल्यावर पुन्हा वाघ होते. पिवळ्या घोटीव कागदाचे अंग, काळ्या कागदाचे पट्टे, टिकल्यांचे डोळे. सगळे वाघ समोर पाहात होते. चारी पाय सारखे रोवून, मान ताठ करून, कोणी तरी आपले छायाचित्र काढील अशा अपेक्षेने उभा राहणारा प्राणी आमच्या अनुभवात एकच आहे, व तो लग्नमंडपात आढळतो. वाघांनंतर आफ्रिकेचा सिंह होता, त्याची आयाळ लोकरीची. जिराफ होते. उत्तर ध्रुवावरचे कापसाचे पांढरे अस्वल होते, आणि त्याच्या मांडीला मांडी लावून दक्षिण ध्रुवावरचे पेंग्विन पक्षी बसले होते. पृथ्वीच्या दोन टोकांची ही भेट पाहून आम्हांस मौज वाटली खरी, परंतु ती मौज फार वेळ टिकली नाही. कारण त्या भिंतीवर मुंगूस नव्हते, भेकर नव्हते, उदमांजर नव्हते, वडावर उलटे लोंबणारे वटवाघूळ नव्हते, वानर नव्हते. आणि ज्याच्या नावाने या पट्ट्यातील वस्त्यांत रात्री दारे लावून घेतात तो बिबट्याही नव्हता. ‘वर्तन’ तर औषधालाही नव्हते. प्राणी होते, ते काहीच करीत नव्हते.

आमचे म्हणणे आम्ही आडपडदा न ठेवता मांडतो. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर या गावांतून, आणि केवळ याच गावांतून कशाला, सबंध महाराष्ट्रातील शाळांतून व हौशी कलावंतांच्या प्रदर्शनांतून प्राणिजीवनाच्या नावावर जे कागद चिकटविले जातात, त्यांतील फार मोठा भाग ना कला आहे, ना प्राणिज्ञान. तो सजावटीचा एक प्रकार आहे. सजावट करू नये असे आम्ही म्हणत नाही; तिला ‘निसर्गातून स्फुरलेली कला’ म्हणू नये, एवढेच म्हणतो. ज्याने प्राणी कधी निरखला नाही, ज्यास निरखावासा वाटला नाही, त्यास निसर्गातून काही स्फुरले असे म्हणणे हे निसर्गावर तुफान रचणे आहे.

येथे एका शब्दाविषयी दोन शब्द. ‘कोलाज’ हा फ्रेंच शब्द चिकटविणे या अर्थाच्या क्रियापदावरून आला आहे. त्याऐवजी ‘चिकटचित्र’ म्हणावे असा आमच्या एका स्नेह्यांचा आग्रह असतो. आमची त्यास हरकत नाही, परंतु शाळेतल्या पोरापोरींच्या तोंडी ‘कोलाज’ हाच शब्द रुळला आहे व तो आता आपलाच झाला आहे. वस्तू तर त्याहून पुष्कळ जुनी आहे. जुनेराच्या चिंध्या निवडून, कोणत्या रंगाशेजारी कोणता रंग शोभेल याचा विचार करून आमची आजी जी गोधडी शिवी, ती पाहून कोणा युरोपियन पंडिताने ‘कोलाज’ म्हटले असते तर आजीने त्यास ताक प्यावयास दिले असते व पुन्हा सुईत दोरा ओवला असता. १९१२ साली पिकासोने वेताच्या खुर्चीच्या विणीचा छाप असलेले मेणकापड चित्रात चिकटविले आणि ब्राकने भिंतीवर लावावयाचा लाकडी नक्षीचा कागद कापून आपल्या रेखाटनावर डकविला. तेव्हापासून कलेच्या इतिहासात या प्रकारास मानाचे पान मिळाले. पण या दोघांनी काय केले हे नीट पाहावे. त्यांनी घरातली, बाजारातली, रोजच्या वापरातली वस्तू उचलली आणि तीस चित्रात बोलावयास लावले. कोलाजाचे मर्म आहे ते या ठिकाणी : चिकटविलेल्या तुकड्याने आपले पूर्वायुष्य बरोबर आणले पाहिजे. घोटीव कागदाच्या नव्या कोऱ्या पाकिटास कसले आले आहे पूर्वायुष्य?

आता वर्तनाकडे वळतो, कारण आमचा खरा तंटा तेथे आहे.

त्या प्रदर्शनात पक्ष्यांचे एक दालन होते व त्यात सुगरणीची काही घरटी होती. सुकलेल्या गवताच्या काड्या चिकटवून केलेली, हातास बरी लागणारी, कारागिरीच्या दृष्टीने वाघांहून कितीतरी उजवी. प्रत्येक घरट्यात एक पक्षीण बसलेली होती, आणि एकीच्या डोक्यावर लाल कागदाचे बदामही काढले होते. खाली सुंदर अक्षरांत लिहिले होते की सुगरण ही माता आपल्या पिलांसाठी कष्टाने घर विणते.

मातृत्वाविषयी आमच्या मनात कोणाहूनही कमी आदर नाही. परंतु घर विणते ती माता नव्हे. विणतो तो नर. आपल्या भाषेने या पक्ष्यास स्त्रीलिंगी नाव दिले आहे व त्या नावाने सबंध महाराष्ट्राची पिढ्यानपिढ्या फसगत केली आहे. सलीम अली यांनी १९३०च्या सुमारास अलिबागेजवळ किहीम येथे राहून या पक्ष्याची वसाहत जेव्हा दिवसचे दिवस निरखली, तेव्हा जो प्रकार त्यांच्या ध्यानात आला तो कोणत्याही कादंबरीत शोभेल असा आहे. पाऊस सुरू झाला की पिवळ्या माथ्याचा नर भाताच्या किंवा गवताच्या पात्यास चोचीने खाच पाडतो, पात्याची कड धरून उडतो, आणि लांब, चिवट अशी एक पट्टी सोलून आणतो. अशा शेकडो पट्ट्या विणून तो घरट्याचा निम्मा भाग तयार करतो : वरचा घुमट व मध्ये एक आडवी कडी, शिपायाच्या शिरस्त्राणासारखा आकार. आतल्या बाजूस ओल्या मातीचे लेपही लावतो. इथवर आले की तो थांबतो. मग माद्या येतात. त्या आत शिरतात, कडीवर बसतात, चोचीने वीण ओढून पाहतात, आणि पुष्कळदा नापसंत करून निघून जातात. जिला घर पटले ती राहते. त्यानंतरच नर उरलेला भाग व खाली लोंबणारी प्रवेशनळी पुरी करतो. अंडी घातली जाताच हा गृहस्थ पुन्हा बाहेर पडून शेजारी दुसरे घर विणावयास घेतो, दुसरीसाठी. आणि जे घर कोणासही पटले नाही ते तसेच, अर्धेच, झाडावर लोंबत राहते.

बदलापूरहून वांगणीकडे जाताना भातखाचरांच्या कडेने बाभळी व ताडाची झाडे आहेत. पावसाळ्यात त्यांतील एखाद्या झाडाखाली कोणी घटकाभर उभा राहिला तर त्यास ही अर्धी घरटी दिसतील. एका झाडावर पुरी किती व अर्धी किती हे मोजण्यास खर्च काही येत नाही. आणि आम्ही विचारतो, बदाम काढलेल्या त्या मातेच्या चित्रात अधिक काव्य आहे, की नाकारलेल्या त्या अर्ध्या घरट्यात? एका कोऱ्या पुठ्ठ्यावर भाताच्या पात्याच्या पट्ट्यांनी विणलेले एकच अर्धे घरटे, खाली पाणी, आणि उडून जाणाऱ्या मादीची केवळ पाठ, असे चित्र कोणी मूल करील तर त्याने जे सांगितले ते सांगावयास मोठमोठ्या कथालेखकांस पाने खर्च करावी लागतात. परंतु तसे चित्र करावयाचे तर झाडाखाली उभे राहिले पाहिजे; आणि झाडाखाली उभे राहावयास आमच्या शाळांच्या वेळापत्रकात तास नाही.

यावर आक्षेप घेण्यात येतील, व घेण्यात आलेही. परीक्षणाच्या दिवशी चहा घेताना आम्ही हे बोललो तेव्हा तेथील एक शिक्षिकाबाई हसून म्हणाल्या, “अहो, मुलेच ती! तुम्ही त्यांना शास्त्रज्ञ करायला निघालात.” दुसरे एक गृहस्थ, जे स्वतः चित्रकार आहेत, ते अधिक गंभीरपणे म्हणाले की कला म्हणजे निसर्गाची नक्कल नव्हे, रंग आणि आकार यांचे नाते हाच कलेचा विषय असून प्राणी हे केवळ निमित्त होय.

बाईंना उत्तर सोपे आहे. मुले हीच खरी निरीक्षक असतात. मुंग्यांच्या रांगेजवळ उकिडवे बसून तास काढणारा माणूस पाच-सात वर्षांचा असतो, पन्नास वर्षांचा नसतो. त्या वयात असलेली ही वृत्ती आम्ही मोठे लोक घोटीव कागदाचे पाकीट त्याच्या हातात देऊन घालवितो, व मग त्यासच ‘मुलांना आनंद घेऊ द्या’ असे नाव देतो. ज्या चित्राचा नमुना आईने भ्रमणध्वनीवर शोधला, बाह्यरेषा बाबांनी काढली, आणि ज्यात मुलाने फक्त डिंक लावला, त्यात कोणाचा आनंद आहे? आता तर शोधण्याचीही गरज उरली नाही. यंत्रास सांगितले की ते क्षणात कागदी तुकड्यांचा आभास असलेला वाघ काढून देते. असा एक छापील वाघ त्या भिंतीवर हस्तकला म्हणून लागला होता, आणि त्याच्या पुढच्या एका पायास बोटे सहा होती.

चित्रकार मित्राचे म्हणणे मात्र गंभीर आहे व त्यास गंभीरपणेच उत्तर दिले पाहिजे. कागद कापून आकार रचण्यात ज्याने सर्वांत मोठी मजल मारली त्या मातिसचेच उदाहरण आम्ही घेतो. त्याचे ‘गोगलगाय’ हे १९५३ सालचे चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. सुमारे तीन मीटर लांब व तितकेच रुंद. रंगवून कापलेले कागदाचे काही मोठे तुकडे एका वळशात मांडले आहेत, बस्स. त्यात शिंगे नाहीत, डोळे नाहीत. नुसता आकार आणि रंग असे ज्यास म्हणावे ते हेच. पण मातिसनेच सांगून ठेवले आहे की त्याने आधी खरी गोगलगाय हातात धरून ती पुन्हा पुन्हा रेखाटली, आणि रेखाटता रेखाटता तिच्या शंखाचे उलगडणे त्याच्या ध्यानात आले. कात्री त्यानंतर हाती आली. म्हणजे आकारवाद्यांचा हा मुकुटमणी गोगलगायीपाशी बसून आलेला होता. निसर्ग सोडून देण्याचा अधिकार त्याने निसर्गापाशी बसून मिळविला होता. आमच्याकडे बसणे गाळून सोडणे तेवढे उचलले गेले आहे.

आणखी एक दाखला देतो. अठराव्या शतकात मेरी डिलेनी नावाच्या एका इंग्रज बाईने वयाच्या बहात्तराव्या वर्षी, १७७२ साली, कागदाचे बारीक तुकडे चिकटवून फुलझाडे करण्यास आरंभ केला आणि दृष्टी अधू होईपर्यंत जवळजवळ हजार चित्रे केली. ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. बाई समोर खरे झाड ठेवीत व पाकळ्या, पुंकेसर मोजून घेत. ज्यांना वाटते की अचूकपणाने सौंदर्य मरते त्यांनी ती चित्रे पाहावीत. अलीकडचे नाव हवे असेल तर अमेरिकेतील स्टीव्ह जेन्किन्स यांचे घ्यावे. हे २०२१ साली निवर्तले. फाडलेल्या व कापलेल्या निरनिराळ्या पोताच्या कागदांतून त्यांनी मुलांसाठी प्राण्यांची पुष्कळ पुस्तके केली. त्यांची पत्नी रॉबिन पेज यांच्यासह केलेले २००३ सालचे एक पुस्तक तर केवळ नाक, कान, शेपूट, डोळे, पाय, तोंड या अवयवांनी कोणता प्राणी काय करतो एवढ्याच प्रश्नावर रचले आहे. प्राणी काय करतो! हाच प्रश्न बदलापूरच्या त्या शाळेने विचारला होता, आणि भिंतीवरच्या वाघांनी त्याचे उत्तर दिले नव्हते.

साहित्यात आमच्याकडे हा प्रश्न विचारणारे झाले. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘सत्तांतर’मध्ये वानरांच्या टोळीतील झगडे, नव्या हुप्प्याचे येणे, जुन्याचे हाकलले जाणे हे ज्या कोरड्या, न रडणाऱ्या दृष्टीने लिहिले, ती दृष्टी झाडाखाली बसल्याखेरीज येत नाही. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यातील नोकरीची वर्षे रानात घालविली व त्यातून मराठीस शब्दांचे केवढे धन दिले. लेखकांनी हे केले. मग चित्रकलेच्या तासानेच काय पाप केले आहे?

आता साहित्यसामग्रीविषयी. या बाबतीत आमची ही तीन गावे इतकी भाग्यवान आहेत की त्यांच्या दारिद्र्याचा आम्हांस राग येतो. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांचे हे गाव १९४९ साली उल्हासनगर झाले. उसने, मोडके, टाकलेले असे जे हाती आले त्यातून नवे उभे करणे हीच त्या गावाची विद्या, व त्या विद्येची टिंगल सगळ्या मुंबईने आजवर केली आहे. त्या उल्हासनगरात जीनच्या विजारी बेतून उरणाऱ्या निळ्या कतरणींची पोती भरतात. फिकट निळा, गडद निळा, धुवून पांढुरका झालेला निळा, शिवणीची जाड कड, उसवलेले दोरे. एका पोत्यात जेवढे पोत आणि छटा सापडतात तेवढ्या कोणत्याही दुकानातल्या रंगीत कागदांत सापडावयाच्या नाहीत. त्या चिंधीस पूर्वायुष्यही आहे : कोणाच्या तरी आईने ती यंत्रावर शिवली आहे, आणि तिचा रंग वालधुनीच्या पाण्याने पाहिला आहे. फर्निचरच्या बाजारात रंध्याच्या सालपटांचे ढीग असतात. सापाच्या कातीस याहून चांगले साधन आम्हांस सुचत नाही. अंबरनाथला काडेपेट्यांचा विम्कोचा कारखाना होता. जुन्या घरांतून त्या पेट्यांची वेष्टने अजून निघतात. आणि ही सगळी संपत्ती दाराशी असताना मुले काय विकत आणतात? पाकिटात भरलेले, आधीच कापून ठेवलेले, मागे चिकट पट्टी असलेले वाघाचे तयार अवयव. पाच तुकडे, पाच मिनिटे, एक वाघ.

तुकडे जोडून प्राणी करणे ही गोष्ट अंबरनाथास नवी नाही. तेथील शके ९८२ मधील, म्हणजे सन १०६० मधील शिवमंदिराच्या भिंती ज्या कारागिरांनी घडविल्या, ते ज्या परंपरेतले, तिला मकर ठाऊक होता : सुसरीचा जबडा, हत्तीची सोंड, आणि मागे पानाफुलांत विरघळणारी शेपटी. तिला कीर्तिमुख ठाऊक होते, सिंहाचा जबडा व शिंगे घेऊन धड गाळलेले. हीही एका अर्थी कोलाजेच होत, दगडातली. परंतु त्या परंपरेने सुसर व हत्ती आधी पाहिले व मग त्यांची मोडतोड केली. सोंड कशी वळते हे हातास ठाऊक असल्यावाचून ती मकराच्या नाकावर बसत नाही. डहाणू-तलासरीकडचे वारली चित्रकार दोन त्रिकोणांत प्राणी बसवितात, पण तो प्राणी पळत असतो, चरत असतो, झाडावर चढत असतो. २०१८ साली निवर्तलेल्या जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांत स्वस्थ उभे राहावयास कोणासही फुरसत नसे. आम्ही त्याच वारली चित्रांची छापील किनार प्रदर्शनाच्या आमंत्रणपत्रिकेस लावतो आणि आत ठोकळे वाघ टांगतो.

कोणी म्हणेल, एवढा त्रागा कशासाठी? पुठ्ठ्यावरचा वाघ समोर पाहातो की बाजूस, याने जगाचे काय अडते?

अडते. २००९ साली नगर जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर येथे एक वयस्क बिबट्या विहिरीत पडला. त्यास बाहेर काढून, डॉ. विद्या अत्रेय यांच्या चमूने त्याच्या गळ्यात मागोवा घेणारा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडले. त्याचे नाव ठेवले आजोबा. आजोबा घाटात राहिला नाही. सुमारे तीन-चार आठवड्यांत शंभरांहून अधिक किलोमीटर चालून, रेल्वेमार्ग व महामार्ग ओलांडून, वसईची खाडी पोहून तो मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या रानात पोहोचला. ही वसईची खाडी म्हणजे आमच्या बदलापूरच्या पुलाखालून जाणाऱ्या उल्हासेचेच समुद्राकडचे तोंड. वाटेत माणसांच्या वस्त्याच वस्त्या होत्या. त्याने कोणासही दुखविले नाही. रात्री चालावे, दिवसा दबा धरून पडावे, कोणाच्या दृष्टीस पडू नये, हे त्याचे वर्तन. २०११ साली एका वाहनाची धडक बसून तो रस्त्यावर मेला. पुढे २०१४ साली त्याच्यावर मराठीत चित्रपट निघाला. पण ज्या मुलांच्या नदीचे नाव त्या प्रवासात येते त्यांच्या चित्रात हा प्रवास कोठेही नाही. आणि या विषयाइतका कोलाजास सोईचा विषय तरी कोणता? रेल्वेचे जुने तिकीट, डांबरी रस्त्याचा काळा खरखरीत कागद, उसाच्या पाचटाची कड, खाडीसाठी उल्हासनगरची निळी चिंधी, आणि बिबट्या? बिबट्या दाखवूच नये. दाखवावयाचे ते त्याचे ठसे.

ज्याने बिबट्याचे हे चालणे एकदा तरी मनात उतरवून घेतले आहे, त्याच्या वस्तीत बिबट्या आला तर तो दार लावून घेईल, दिवा लावील, कुत्रे आत घेईल, वनखात्यास कळवील, आणि वाट मोकळी ठेवील. ज्यास केवळ समोर पाहून डरकाळी फोडणारा वाघ ठाऊक आहे, तो धावत गल्लीत जाईल, कारण त्याच्या कल्पनेत हा प्राणी पाहण्यासाठीच उभा असतो. २०१९ साली उल्हासनगरात बिबट्या शिरला. २०२२ साली कल्याण पूर्वेस एका इमारतीत शिरला व तेथे माणसे जखमी झाली. दोन्ही वेळा त्यास वनखात्याने पकडले. दोन्ही वेळा बाहेर बघ्यांची गर्दी लोटली. त्या गर्दीतल्या प्रत्येकाने लहानपणी एक वाघ चिकटविला असेल, असे आमच्या मनात आल्यावाचून राहिले नाही.

शाळांनी काय करावे हे सांगण्याचा मान आमचा नव्हे, तरी एक सूचना करून ठेवतो. पुढल्या खेपेस स्पर्धेच्या नियमांत दोनच कलमे घालावीत : जो प्राणी मुलाने स्वतः पाहिला असेल तोच करावा, आणि विकत आणलेला एकही तुकडा चालणार नाही. यावर म्हणतील की मग सगळी मुले कावळे आणि मुंग्या करतील. करू द्या. कावळा नाल्याकाठच्या तारा वेचून घरटे बांधतो. एका कावळ्याच्या घरट्यात या तीनही गावांचा इतिहास सापडेल.

आता त्या दिवशीची एक गोष्ट सांगावयाची राहिली, व ती सांगताना आम्हांस संकोच होतो.

दालनाच्या शेवटी, दाराआड, जेथे उजेड कमी होता, तेथे एका मुलाचे चित्र लावले होते. पिवळट पुठ्ठ्याची भिंत. तीवर निळ्या-करड्या चिंधीची एक पाल, उडी मारण्याच्या बेतात, एक पाय अधांतरी. पाल आखूड होती, तिला शेपूट नव्हते. शेपूट चार बोटे अंतरावर, वाकडे, वेगळेच चिकटलेले होते. आमच्या सहपरीक्षकांनी चष्मा वर करून पाहिले आणि म्हणाले, “हे निसटलेले दिसते. काम अपुरे आहे.” आम्ही मान डोलावली. गुणपत्रिकेवर ‘अपूर्ण’ असे लिहिले गेले व खाली आम्ही सही केली. पहिले बक्षीस टिकल्यांच्या डोळ्यांच्या वाघास मिळाले.

रात्री घरी जेवण आटोपून बसलो असता दिव्याजवळच्या भिंतीवर थोट्या शेपटीची पाल दिसली, आणि आमच्या अंगावर सर्रकन काटा आला. शत्रूने धरताच पाल आपले शेपूट तोडून टाकते. तुटलेले शेपूट वळवळत राहते, मांजर त्याकडे पाहात बसते, आणि पाल निसटते. पुढे नवे शेपूट येते, पण त्यात मणके नसतात. त्या सगळ्या भिंतीवर वर्तन दाखविणारे चित्र एकच होते, आणि त्यावर आम्ही ‘अपूर्ण’ म्हणून सही केली होती. त्या मुलाने मांजर दाखविले नव्हते, कारण मांजराच्या जागी पाहणारा उभा होता, म्हणजे आम्ही. आम्ही शेपटाकडे पाहात बसलो, व पाल निसटली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही पुन्हा बदलापुरास गेलो. प्रदर्शन अजून चालू होते. मुख्याध्यापकांस भेटून चूक कबूल करावी व निदान त्या मुलाचे नाव तरी विचारून घ्यावे, असा बेत होता. दाराआडच्या त्या पुठ्ठ्यापाशी आधी गेलो. कोणा सत्प्रवृत्त माणसाने, बहुधा बक्षीससमारंभास पाहुणे येणार म्हणून, चित्र दुरुस्त केले होते. शेपूट सोडवून पालीच्या मागे नीट, सरळ, डिंकाने चिकटविलेले होते.